मिरचीवाले, केयीवाले आणि तिकडचे वावा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जळगावकर कसा ओळखायचा, धुळेकर कसा ओळखायचा असा लेख आला होता आणि त्यावर तीन आठवडे झाले पत्रं येतायत, कोणी म्हणतं भारी होता अजून छापा, कोणी म्हणतं आमच्या गावाची बदनामी झाली माफी मागा. मी अमळनेरचा. लेखात आमच्या वाट्याला शेअर आले, म्हणजे अमळनेरकराच्या ट्रंकेत जुने विप्रोचे कागद असतात आणि तो अजून पत्र्याच्या घरात राहतो असं, ते वाचून घरात सगळे हसलो. ती कंपनी इथेच १९४५ साली तेलाच्या मिलपासून सुरू झाली आणि ज्यांनी शेअर ठेवले त्यांचं भलं झालं हे खरं आहे त्यामुळे राग यायचं कारण नव्हतं. पण मला जे सांगायचंय ते जरा लांबून सुरू होतं, आफ्रिकेतून, तेवढी जागा द्यावी.

मी पीव्हीसी पाईपच्या लाईनीतला माणूस. जळगावच्या एमआयडीसीत शिकलो आणि २०११ ते २०१५ नायजेरियात होतो, आग्नेय भागात, न्नेवी नावाच्या गावाजवळ. तो सगळा इग्बो लोकांचा मुलुख. पहिले दोन महिने मला सगळे सारखेच वाटायचे, म्हणजे इग्बो म्हणजे इग्बो, विषय संपला. मग जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यात बसायला लागलो तेव्हा कळलं की तिथेही आपल्यासारखंच चालू असतं, पाच राज्यं आणि पाचही जणांचं एकमेकांबद्दल ठाम मत.

आमचा अकाउंटंट न्नेवीचाच, म्हणजे अनाम्ब्रा राज्याचा. त्याला सगळे म्हणायचे की तुझ्या बाळाला रडताना नोट दाखवली की गप्प होतं. अनाम्ब्रावाले म्हणजे धंदा, पैसा, दुकान. फिटर होता इमो राज्यातल्या म्बाइसेचा, त्याला म्हणायचे की तुमच्या मुलीशी लग्न करायचं तर सासरकडून सामानाची एवढी लांब यादी येते की नवरदेव म्हातारा होतो. ती म्बाइसेची यादी तिकडे खरोखर प्रसिद्ध आहे, कोणालाही विचारा. स्टोअरचा पोरगा एनुगू राज्यातल्या न्सुक्काचा, तो वावा. एबोन्यी राज्यातला एक लोडर होता, त्याच्याबद्दल पुढे सांगतो. आणि बूट सगळे अबिया राज्यातल्या आबाचे, आबाचा कारागीर कोणत्याही कंपनीचा बूट बघून दोन दिवसात तसाच करून देतो असं म्हणतात, ते मी पायात घालून चार वर्षं चाललो त्यामुळे त्यात चेष्टा नाही, ते कौतुकच आहे.

आता वावा म्हणजे काय ते ऐका कारण मला ते फार आवडलं. बाकीचे इग्बो नाही म्हणायला म्बा म्हणतात आणि एनुगूकडचे म्हणतात वा. बस एवढंच. त्या एका शब्दावरून अख्ख्या भागाच्या लोकांचं नावच वावा पडलं. मला लगेच आपलं आठवलं, पुण्यात कॉलेजला असताना मी माले नही माहीत म्हटलं आणि तीन वर्षं माझं नाव नही पडलं. आणि दुसरी गोष्ट तर विचारूच नका. पाण्याला बाकीचे म्हणतात म्मिरी आणि अनाम्ब्रावाले म्हणतात म्मिली. वस्तूला हे म्हणतात इहे, ते म्हणतात इफे. बाजाराला हे अहिया, ते अफिया. आमचा फिटर आणि अकाउंटंट यावरून रोज भिडायचे की खरा इग्बो कोणता. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे ळ चा य होतो, जळगावचं जयगाव, केळीची केयी, डोळ्याचा डोया, आणि पुण्यामुंबईचे लोक त्यावरून आम्हाला लगेच पकडतात. ते दोघं इतके खूश झाले की दुसऱ्या दिवसापासून मला सकाळी जयगाव म्हणून हाक.

एक अजून. त्यांच्याकडे जोक आहे की रस्त्यात साप आणि म्बाइसेचा माणूस एकदम दिसला तर आधी म्बाइसेवाल्याला गाठ, सापाचं नंतर बघू. हाच जोक मी लहानपणापासून आमच्या पारावर ऐकलाय, फक्त नाव दुसरं, कोणाचं ते मी लिहीत नाही. आता इतक्या लांब, समुद्रापलीकडे, तोच साप आणि तोच जोक, फक्त माणूस बदलला. म्हणजे त्या जोकात म्बाइसेवाल्याचा काही गुण नव्हताच कधी, ते कोणालाही घालता येणारं माप होतं. पण पैशाचा जोक तसा नाही, त्याच्या खाली खरं काहीतरी आहे, आणि ते मला न्नेवीच्या अकाउंटंटने सांगितलं एका संध्याकाळी, लाईट गेली होती आणि जनरेटर सुरू व्हायचा होता.

तो म्हणाला, १९६७ ला आमच्या भागाने बियाफ्रा म्हणून वेगळा देश जाहीर केला, युद्ध झालं, जानेवारी १९७० ला आम्ही हरलो. युद्धात लाखो माणसं भुकेने मेली. नंतर बँकेत ज्याचे जे पैसे होते, कितीही असोत, त्याला सरकारने फक्त २० पौंड दिले. ज्याची चार घरं आणि हजारो पौंड होते त्यालाही वीसच. त्याच्या आजोबांनी त्या वीस पौंडात पुन्हा बाजार सुरू केला. आणि पोरं वाढवायची एक रीत तिकडे आहे, गावातला मुलगा व्यापाऱ्याकडे राहायला जातो, पाच सात वर्षं पगाराशिवाय काम करतो, घरात जेवतो, धंदा शिकतो आणि शेवटी मालक त्याला दुकान टाकायला भांडवल देतो. न्नेवीचा स्पेअर पार्टचा बाजार बराचसा असाच उभा राहिला, न्नेवीला त्यावरून आफ्रिकेचा जपान म्हणतात, आणि २०१० ला तिथेच इनोसन म्हणून स्वदेशी गाड्यांचा कारखाना सुरू झाला, मालक तिथलाच. तो म्हणाला, आता मला कोणी पैशाचा भुकेला म्हटलं तर मी हसतो, कारण म्हणणाऱ्याच्या आजोबालाही वीसच पौंड मिळाले होते.

हे वाक्य मी डायरीत लिहून ठेवलंय.

बरं ही राज्यं तरी किती जुनी. १९७६ ला अनाम्ब्रा आणि इमो झाले, १९९१ ला अनाम्ब्रातून एनुगू निघालं आणि इमोतून अबिया, १९९६ ला एनुगू आणि अबियाचे तुकडे जोडून एबोन्यी. म्हणजे माझ्या फिटरच्या बापाच्या तारुण्यात अनाम्ब्रावाला विरुद्ध एनुगूवाला हा जोक सांगताच आला नसता, दोघं एकाच राज्यात होते. अबिया हे नाव तर चार भागांच्या पहिल्या अक्षरांचं आहे, आबा, बेंडे, इसुइकुआटो आणि अफिक्पो, आणि त्यातलं अफिक्पो पाच वर्षांनी एबोन्यीत गेलं, पण नावातलं अक्षर तसंच राहिलं. आपलं बघा, १९०६ पर्यंत एकच खान्देश जिल्हा, मग पूर्व आणि पश्चिम, मग जळगाव आणि धुळे, आणि १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा. आपल्या लेखातले धुळेकर नंदुरबारकरांचे जोक म्हणजे १९९८ नंतरचे, त्याच्या आधी दोघांच्या गाडीवर नंबर एकच होता. आणि खान्देश नावाचा जिल्हा आज नकाशात कुठेच नाही तरी आपण सगळे खान्देशी. बुऱ्हाणपूर एकेकाळी या सुभ्याची राजधानी, ते आज मध्य प्रदेशात, बागलाण नाशिक जिल्ह्यात, पण तिकडची म्हातारी काय भो कथा चालना, म्हणजे काय भाऊ कुठे चालला, म्हणाली की आपण तिला परकी म्हणू का. तिकडेही अनाम्ब्रातल्या ओनित्शा शहरासमोर नायजर नदी ओलांडली, पूल ओलांडला की असाबा, ते डेल्टा राज्यात येतं, बोलतात इग्बोच. त्यांच्यातले काही म्हणतात आम्ही इग्बो, काही म्हणतात आम्ही अनिओमा, वेगळे, आणि यावरून खूप वाद होतात. मी एकदा असाबाच्या ड्रायव्हरला विचारलं तू कोण, तो म्हणाला ओनित्शावाला चेष्टा करतो तेव्हा मी इग्बो नसतो, पण कोला नट फोडायची वेळ आली की मी इग्बो. कोला नट म्हणजे आपल्या पान सुपारीसारखं, पाहुणा आला की आधी ते देतात, आणि त्यावरची प्रार्थना इग्बोतच करतात कारण म्हणे कोला नटला इंग्रजी कळत नाही.

आता त्या लोडरचं. तो अबाकालिकीकडचा, एबोन्यीचा. तिकडचा तांदूळ नामी, अबाकालिकी राईस म्हणून सगळीकडे विकतात. पण बाकीच्या इग्बो शहरांत एबोन्यीची माणसं बहुतेक मजुरीला, घरकामाला, शेतावर गेलेली, त्यामुळे चेष्टा त्यांच्यावर आली की तिचा आवाज बदलतो. अनाम्ब्रावाल्याला पैशावरून बोललं तर तो उलट बोलतो, म्बाइसेवाल्याला यादीवरून बोललं तर तो म्हणतो आमची मुलगी तेवढ्या लायकीची आहे. हा लोडर नुसता हसायचा. सगळ्यांबरोबर हसायचा. चार वर्षांत एकदाही त्याने कोणाला उलट टोमणा मारला नाही, आणि मला ते उशिरा लक्षात आलं. एकदा आम्ही एनुगूला मशीनचा पार्ट आणायला गेलो होतो, नाईन्थ माईल नावाच्या नाक्यावर ओक्पा खायला थांबलो, ओक्पा म्हणजे डाळीसारख्या दाण्याच्या पिठाचं पिवळं वाफवलेलं, केळीच्या पानात बांधलेलं, मला ते पान बघून घर आठवलं आणि मी त्याला आमच्या रावेर यावलच्या केळीबद्दल सांगत बसलो. विकणाऱ्या बाईने त्याला विचारलं कुठला रे तू. तो म्हणाला एनुगूचा. मी काही बोललो नाही. गाडीत बसल्यावर तोच म्हणाला, बाहेर मी एनुगूच सांगतो, खरं सांगितलं की लोक ओझं उचलायला सांगतात.

म्हणून मला आपल्या लेखातल्या एकाच ओळीचं वाईट वाटलं संपादक साहेब. जळगावचं सोनं, धुळ्याच्या नंबरच्या गल्ल्या, भुसावळच्या माणसाला रेल्वेचं टाईमटेबल पाठ, आमचे शेअर, हे सगळं छान होतं, ज्याचं त्याला उत्तर देता येतं आणि देतातही. नंदुरबारची मिरचीसुद्धा ठीक. पण नंदुरबारच्या बाजारात डोंगरातून येणाऱ्या पोरांबद्दल जी ओळ होती ती मी इथे परत लिहीत नाही. त्या जिल्ह्यात शंभरातली जवळपास सत्तर माणसं आदिवासी आहेत, आपल्याकडे ऊसतोडीला, बांधकामाला येणारी, आणि तीन आठवड्यांच्या पत्रांत त्यांच्यातलं एकही पत्र मी वाचलं नाही. अमळनेरचा जोक अमळनेरला पोचला आणि त्याचं उत्तर आलं. ती ओळ कोणाला पोचली आणि कोणी उत्तर दिलं?

माझी आजी सांगायची की आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नदीच्या अल्याड पल्याड दोन गावच्या बाया जमायच्या आणि एकमेकींना अशा शिव्या घालायच्या की ऐकणाऱ्याने कान धरावे, आणि संध्याकाळी त्याच बाया एकमेकींच्या लेकीसुनांची चौकशी करायच्या. मी लहानपणी विचारायचो राग नही येत का. ती म्हणायची दोन्ही काठावर बाया होत्या ना.

आणि अजून एक सांगायचंय, ते माझ्या घरचं आहे. माझी मुलगी आता पुण्यात हॉस्टेलला आहे. रोज रात्री माझ्या आईशी व्हिडिओ कॉलवर बोलते, अहिराणीत, जोरजोरात, पण रूममेट आत आली की एकदम आवाज खाली आणि भाषा पुस्तकातली. आईला कळतं. ती काही म्हणत नाही, फक्त फोन ठेवल्यावर थोडा वेळ तशीच बसते. ज्या बहिणाबाईंची गाणी त्या गेल्यावर १९५२ ला पुस्तकात आली आणि ज्यांचं नाव २०१८ ला आपल्या विद्यापीठाला दिलं त्या लेवा बोलीतच बोलत होत्या, गात होत्या, तेही य वालीच बोली. विद्यापीठाच्या कमानीवर नाव चालतं आणि हॉस्टेलच्या खोलीत बोली चालत नाही हे मला सहन होत नाही, आणि मुलीला रागावूनही उपयोग नाही कारण मीही तिच्या वयाचा असताना नही चं नाही करून बसलो होतो.

तर माझी विनंती दोन. लेख बंद करू नका, माफीही नको, फक्त ती ओळ मागे घ्या आणि पुढचा लेख नंदुरबारच्या कोणाकडून लिहून घ्या, अक्कलकुवा धडगावकडच्या शिकलेल्या पोरांकडून, त्यांना जळगाव धुळे अमळनेरबद्दल जे काय म्हणायचंय ते म्हणू द्या, कितीही तिखट असू द्या. त्यांना भिलीत, पावरीत, मराठीत, ज्यात लिहावंसं वाटेल त्यात लिहू द्या. आणि दुसरी, आखाजीच्या आधीच्या रविवारी एक पान अहिराणीत काढा, त्यात जोक असू द्या, शिव्या असू द्या, पण प्रूफ बघताना आमच्या य चा ळ करू नका. ते पान माझी आई मुलीला फोनवर वाचून दाखवणार आहे, स्पीकर लावून, रूममेट खोलीत असताना.

आपला एक जुना वाचक,
अमळनेर