साठवणीचा कांदा आणि थांबायची ऐपत

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, आपण कुठून काय विकत घेतो त्याने गरीब-श्रीमंतातली दरी कमी होते का, असं तुम्ही विचारलंत. खरं सांगायचं तर फारशी नाही. २०२२-२३ मध्ये देशातली ४०.१ टक्के संपत्ती वरच्या एक टक्का लोकांकडे होती, असा वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अभ्यासाचा आकडा आहे. हा पैसा जमिनीत, शेअरमध्ये, कंपन्यांच्या मालकीत अडकलेला. भाजीच्या पिशवीने तो हलत नाही, त्याला कर आणि मजुरीचे दर लागतात. पण नाशकात राहून कांद्यापुरतं तुमच्या हातात बरंच आहे.

गिऱ्हाइकाच्या रुपयातले कांदा पिकवणाऱ्याला साधारण ३६ पैसे मिळतात, टोमॅटोवाल्याला ३३, असं रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अभ्यासनिबंधात आहे. बाकीचे सगळे दलालच खातो हे म्हणणं सोपं आहे, पण निवड, गोणी, गाडीभाडं, सड आणि वजनातली तूट त्यातूनच जाते. मला जास्त खटकतं ते वेगळंच. उन्हाळ कांदा मार्चअखेर ते मे असा सगळा एकदम निघतो. ज्याची चाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड, आहे आणि हात मोकळा आहे तो ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत भावाची वाट बघू शकतो. ज्याला पीककर्ज फेडायचंय, काढणीची मजुरी चुकवायचीय, तो ट्रॅक्टर भरून लासलगाव नाहीतर पिंपळगावची बाजार समिती गाठतो आणि त्या दिवशी निघेल त्या भावाला देतो. पुढे भाव चढेलच असं नाही, पण चढला तर फायदा थांबू शकणाऱ्याचा.

म्हणून साठवणीचा कांदा एप्रिल-मेमध्येच, चाळ नसलेल्या शेतकऱ्याकडून घ्या. दोघांना महिन्याला चार किलो धरले तर मे ते ऑक्टोबर २४ किलो लागतात. पाव हिस्सा तूट धरून ३२ किलो घ्या. खरिपाचा लाल कांदा घेऊ नका, तो टिकत नाही. आई, निवडताना मान बघ: बारीक, सुकलेली आणि दोन-अडीच सेंटिमीटर ठेवून कापलेली हवी. मान अगदी बुडाशी छाटली असेल तर तिथूनच सड शिरते. जाड मानेचे, डेंगळे (फुलाचा दांडा) आलेले आणि जोडकांदे बाजूला काढ, ते आधी संपव. अंगठ्याने मानेपाशी दाबून बघ, मऊ लागला तर आत ओल आहे, कितीही लखलखीत दिसला तरी.

घरी आणल्यावर आठवडाभर सावलीत पसरा. मग विटांवर फळ्या फटी सोडून मांडा म्हणजे खालून वारा खेळेल, आणि थर एक फुटापेक्षा जाड नको. प्लॅस्टिकची गोणी नको, बटाटे शेजारी नकोत, पत्र्याखालचा माळा तर नकोच. जून लागला की दर पंधरा दिवसांनी चाळून काळी बुरशी धरलेले आणि कोंब आलेले काढायचे. एक सडका राहिला तर त्याची ओल भोवतालचे दहा खराब करते.

भाव कसा ठरवायचा? राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजचे बाजारभाव असतात. त्यातला सर्वसाधारण दर बघा, कमाल नाही. समजा क्विंटलला १,४०० रुपये, म्हणजे किलोला १४ आहे आणि कोपऱ्यावरच्या गाडीवर २५ ला मिळतोय. निवडलेल्या मालाचे २० द्या, रोख किंवा यूपीआयने, तिथल्या तिथे. ३२ किलोचे ६४० होतात. शेतकऱ्याला १९२ रुपये जास्त मिळाले आणि बाजाराची खेप वाचली. तुम्हाला मात्र तूट वजा जाता खाल्लेला किलो पावणेसत्तावीसला पडतो, म्हणजे गाडीवरच्या २५ पेक्षा महागच. साठवणीला खर्च येतो तो असा, आणि व्यापाऱ्यालाही येतो. पुढे गाडीवरचा भाव पावणेसत्तावीसच्या वर गेला तरच तुमची बचत.

खरं वजन पडतं ते आपल्या ओरड्याचं. किलोमागे २० रुपये वाढले तर तुमच्या घराला महिन्याला ८० रुपये जास्त लागतात. पण तेवढ्यावरून शहरात आरडाओरडा होतो आणि सरकार निर्यात रोखतं. ८ डिसेंबर २०२३ ला बंदी आली ती ४ मे २०२४ ला उठली, तीही ४० टक्के शुल्क लावून. मधल्या काळात नव्या उन्हाळ कांद्याची काढणी सुरू झाली होती. बाबा, कट्ट्यावर कांदा महागल्याचा विषय निघाला की हे ८० रुपये सांगा.

बाकीचं थोडक्यात. गहू सुटा घेऊन गिरणीतून दळून आणता ते चालूच ठेवा. पंचवीस किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पीठ-धान्यावर २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. आणि आई, भाजीवालीशी दोन रुपयांवरून घासाघीस करण्यापेक्षा घरकामाच्या मावशींना महिन्याला चार भरपगारी रजा दे. त्यांना त्याचा जास्त उपयोग आहे.

फळ्या बाल्कनीत मांडल्या तर पावसाची झड येते त्या बाजूला गोणपाट लावा. प्लॅस्टिकचा कागद नको, वारा अडतो.

कळावे,
तुमची,
मनू