पडद्यापासून सुरुवात करायला लावणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

खेळांसाठी माफक बजेटमधला डेस्कटॉप घ्यायचा म्हणून मी तुम्हाला पहिला फोन केला, त्याला आता तीन महिने होऊन गेले. मशीन टेबलावर आहे, रोज संध्याकाळी चालते आहे आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक भाग तुमच्याशी झालेल्या कुठल्या ना कुठल्या बोलण्याची आठवण करून देतो. फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही ‘‘अहो, त्यात काय एवढं’’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र लिहितो आहे आणि उघडच लिहितो आहे, कारण मी ज्या गोंधळात होतो त्याच गोंधळात आज आणखी कितीतरी जण असतील आणि त्यांना विचारायला तुमच्यासारखे कोणी असेलच असे नाही.

त्या पहिल्या फोनवर मी तुम्हाला एक जाहिरात मोठ्या उत्साहाने वाचून दाखवली होती. आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, १ टीबी डिस्क, काचेचे कॅबिनेट, रंगीत दिव्यांचे चार पंखे, आणि हे सगळे माझ्या बजेटमध्ये बसत होते. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि जाहिरातीविषयी चकार शब्द न काढता विचारले, ‘‘मॉनिटर कोणता आहे? आणि खेळणार काय?’’ दोन्हींची उत्तरे माझ्याकडे नव्हती. मॉनिटर तर मी हिशेबातच धरला नव्हता. घरात पडलेला जुना लावू, एवढाच विचार होता. मग तुम्ही म्हणालात की प्रत्येक वस्तूसमोर स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, ‘‘या पैशांनी पडद्यावर काय बदलेल?’’ पुढचे सहा आठवडे मी दुसरे काही केलेच नाही, हाच प्रश्न विचारत राहिलो.

पडद्याचा हिशेब तुम्ही मला कागदावर करायला लावला, ते बरे झाले. १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके. २५६० गुणिले १४४० म्हणजे सुमारे ३६.९ लाख, आणि ज्याला फोर-के म्हणतात त्यात ८२.९ लाख, म्हणजे पहिल्याच्या बरोबर चौपट. ग्राफिक्स कार्डाला, म्हणजे चित्र तयार करणाऱ्या भागाला, हे पिक्सेल सेकंदाला साठ वेळा किंवा त्याहून जास्त वेळा रंगवून द्यायचे असतात, हे लक्षात आल्यावर स्वस्तातल्या कार्डावर फोर-के खेळण्याचा हट्ट म्हणजे हलक्या गाडीला चौपट ओझे जोडण्यासारखे आहे, हे वेगळे सांगावे लागले नाही. दुसरी बाजू होती वेगाची. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र येते, १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर दर ६.९ मिलिसेकंदांनी. मी नेमबाजीचे आणि फुटबॉलचे खेळ जास्त खेळतो असे कळल्यावर तुम्ही सुचवले की माझ्यासाठी पिक्सेल वाढवण्यापेक्षा वेग वाढवणे शहाणपणाचे. अशा रीतीने १०८०पी (म्हणजे १९२० गुणिले १०८०) आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर आधी ठरला आणि बाकीचे मशीन त्याच्या मापाने बेतले गेले. हा उलटा क्रम मला एकट्याला कधीच सुचला नसता.

त्या जाहिरातीतल्या ‘आय-सेव्हन’चे काय झाले, तेही इथे सांगून टाकतो. तुमच्या सांगण्यावरून मी विक्रेत्याला प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक विचारला. दोन दिवस टाळाटाळ झाली आणि मग उत्तर आले, ३७७०. हा इंटेलचा तिसऱ्या पिढीचा, २०१२ सालचा प्रोसेसर. चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), आठ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा). आणि २०२२ साली आलेल्या आय-थ्री १२१०० मध्येही चार कोअर आणि आठ थ्रेडच आहेत, पण मधल्या दहा वर्षांत प्रत्येक कोअरचे काम इतके सुधारले आहे की नावाने धाकटा असलेला हा प्रोसेसर त्या थोरल्याला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत यादीत इतके जुने प्रोसेसर नाहीत आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मी ज्याला नशीब समजत होतो, ते ऑफिसातून निवृत्त झालेले एक मशीन होते. नव्या काचेच्या कॅबिनेटमध्ये आणि रंगीत दिव्यांत सजवलेले. त्यात ग्राफिक्स कार्ड कोणते, हे तर जाहिरातीत लिहिलेलेच नव्हते, आणि ते न लिहिणे हेच त्याचे उत्तर होते.

ग्राफिक्स कार्डावर मात्र आपले बरेच बोलणे झाले आणि थोडे भांडणही. मॉनिटर सोडून उरलेल्या रकमेतला निम्म्याच्या जवळपासचा वाटा एकट्या कार्डाला द्यावा, हे तुमचे म्हणणे मला सुरुवातीला अतिरेकी वाटले होते. आज वाटत नाही. खेळाच्या मशीनमध्ये पडद्यावर जे दिसते त्याचा मोठा भाग तिथेच घडतो, आणि प्रोसेसरने कार्डाला वेळेवर काम पुरवले म्हणजे त्याचे भागले. नावांच्या बाबतीत तुम्ही मला जो धडा दिला, तो तर मी आता भेटेल त्याला सांगत असतो. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाखाली २०२२ साली ८ जीबीचे कार्ड आले आणि २०२४ साली ६ जीबीचे. फरक फक्त मेमरीचा असावा असे वाटते, पण दुसऱ्यात गणन करणारे कोअरही कमी आहेत. जीटी १०३० ची गोष्ट त्याहून वाईट, कारण त्याच्या एका आवृत्तीत बरीच संथ मेमरी बसवलेली आहे आणि डब्यावर नाव तेच. नाव वाचून नव्हे, तर मेमरीचा आकार, तिचा प्रकार आणि बसची, म्हणजे मेमरीकडे जाणाऱ्या रस्त्याची, रुंदी वाचून कार्ड घ्यावे, हे मला तोपर्यंत कोणीच सांगितले नव्हते.

४ जीबीचे कार्ड घेऊन बचत करावी, असा माझा आग्रह होता. त्यावर तुम्ही वाद न घालता तुमच्या जुन्या मशीनवर मला एक खेळ लावून दिला. पाच मिनिटे सगळे छान होते. मग एका बाजारपेठेच्या दृश्यात शिरलो आणि भिंती मेणासारख्या पुसट झाल्या, मान वळवली की चित्र अडखळू लागले. कार्डाची स्वतःची मेमरी भरली की उरलेला माल मशीनच्या रॅममधून आणावा लागतो आणि तो रस्ता फार अरुंद आहे, असे तुम्ही समजावले. कोपऱ्यातला सेकंदाला सरासरी किती फ्रेम (चित्रे) येतात तो आकडा तेव्हाही फारसा वाईट दिसत नव्हता, ही त्यातली गंमत. सरासरीवर विश्वास ठेवू नये, सर्वांत मंद फ्रेम किती मंद आहेत ते पाहावे, हे मी त्या बाजारपेठेत शिकलो आणि ८ जीबीपेक्षा कमी घ्यायचे नाही हे तिथेच ठरले.

नवे कार्ड बजेटच्या बाहेर जात होते, म्हणून सेकंड हँडचा विषय निघाला. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवर चालणारे खाणकाम (नवी नाणी मिळवण्यासाठीची आकडेमोड) बंद केल्यावर त्या कामात जुंपलेली पुष्कळ कार्डे जुन्या बाजारात आली, एवढे मी ऐकून होतो आणि घाबरलो होतो. तुम्ही म्हणालात, कार्डाने काय काम केले यापेक्षा आज ते काय करते ते पाहा. विकणाऱ्याच्याच मशीनवर निदान अर्धा तास पूर्ण भार टाका, तापमान बघत राहा आणि पंख्याशी कान न्या. पहिल्या ठिकाणी मी तसेच केले. बाराव्या मिनिटाला पडद्यावर काळे चौकोन चमकायला लागले आणि पंख्यातून कोरड्या दाणेदार खरखरीचा आवाज येऊ लागला. विकणारा म्हणाला, ‘‘ड्रायव्हरचा, म्हणजे सॉफ्टवेअरचा प्रश्न असेल.’’ मी हात जोडून बाहेर पडलो. तुमच्या सूचनेशिवाय मी पाच मिनिटे पाहून पैसे मोजले असते, यात मला तिळमात्र शंका नाही. दुसऱ्या ठिकाणचे आरएक्स ६६०० अर्धा तास शांतपणे चालले आणि तेच आज माझ्या मशीनमध्ये आहे. सोबतीला रायझन ५ ५६०० हा सहा कोअरचा प्रोसेसर. आणि त्याच मदरबोर्डवर (सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य पाटीवर) पुढे कधीतरी आठ कोअरचा प्रोसेसर बसवता येईल, हा तुम्ही ठेवून दिलेला दरवाजा.

एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, बाबतीत मात्र तुमचा तो पडद्याचा प्रश्न लागू पडत नव्हता, आणि ते तुम्हीच आधी कबूल केले. चांगला एसएमपीएस घेतल्याने पडद्यावर काहीच बदलत नाही. वाईट घेतला तर एखाद्या दिवशी पडदाच उरत नाही आणि जाताना तो शेजारच्या भागांनाही घेऊन जातो. माझे कार्ड १३२ वॅटचे, प्रोसेसर ६५ वॅटचा. म्हणजे मशीनची एकूण भूक ३०० वॅटच्या आतली, तरी डब्यावर मोठा आकडा छापलेला निनावी एसएमपीएस मला मोहात पाडत होता. ८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, बांधणी किती भक्कम आहे याची हमी देत नाही, हेही तुमच्याकडूनच कळले. शेवटी ५५० वॅटचा, विश्वासू बनावटीचा आणि पुरेशा वॉरंटीचा घेतला. तो काळा ठोकळा कॅबिनेटच्या तळाशी कोणाला दिसतही नाही.

जोडणीच्या रात्रीबद्दल मला अजून थोडी लाज वाटते. सगळे बसवले, बटण दाबले, पंखे फिरले, दिवे लागले आणि मॉनिटर काळाच. तासभर रॅम काढली, घातली, पुन्हा काढली. रात्री साडेदहाला तुम्हाला फोन केला, तेव्हा तुम्ही जांभई आवरत एवढेच विचारलेत, ‘‘केबल कुठे खुपसली आहे?’’ मी ती मदरबोर्डच्या पोर्टमध्ये खुपसली होती. या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाहीच, त्यामुळे तिथून चित्र येण्याचा संबंधच नव्हता. केबल चार बोटे खाली, कार्डाच्या पोर्टमध्ये लावली आणि पडदा उजळला. तुम्ही हसला नाहीत, निदान मला ऐकू येईल असे तरी नाही.

त्यानंतरही मी आठ दिवस १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० हर्ट्झवरच वापरत होतो, कारण विंडोजच्या सेटिंगमध्ये तो आकडा हाताने बदलायचा असतो हे मला ठाऊक नव्हते. रॅमचेही तसेच झाले. ८ जीबीच्या दोन पट्ट्या तुम्ही सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या होत्या, पण ३२०० चा वेग लिहिलेल्या त्या पट्ट्या २४०० नेच चालत होत्या. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला लिहिलेल्या वेगाने चालवण्याचा पर्याय, चालू केल्यावरच त्या पूर्ण वेगाने धावल्या. या दोन्ही गोष्टी तुम्ही ‘‘जरा तपासून बघा’’ म्हणून सहज सुचवल्यात आणि एक पैसाही न लागता मशीन बदलल्यासारखे वाटले.

एका ठिकाणी मी तुमचे ऐकले नाही आणि त्याची कबुली देतो. एसएसडी (खेळ साठवण्याची वेगवान डिस्क) १ टीबीची घ्या, असे तुम्ही तीनदा सांगितले होते. मी ५०० जीबीची घेतली, तीही अधिक वेगाच्या आकड्याला भुलून, वास्तविक खेळ उघडण्याच्या वेळेत त्या वेगाने दोन-तीन सेकंदांपलीकडे काही फरक पडत नाही. आता मोठे खेळ एकेक करून १०० जीबीच्या वर जागा मागतात आणि नवा टाकायचा तर जुना काढावा लागतो. काल रात्रीच एक अर्धवट राहिलेला खेळ जड मनाने काढून टाकला.

दिव्यांच्या पंख्यांविषयी मात्र आपले मत अजून जुळलेले नाही. पुढून जाळी असलेले साधे कॅबिनेट घ्यायला लावून तुम्ही माझे कार्ड थंड ठेवले, हे मान्य. तरीही मागच्या बाजूला मी एक निळा पंखा लावला आहे, आणि तो पडद्यावर काहीही बदलत नाही हे मला पूर्ण माहीत आहे.

तुम्ही माझ्यासाठी परस्पर यादी करून दिली असती तर तुमचे काम एका संध्याकाळी संपले असते. त्याऐवजी तुम्ही सहा आठवडे माझे तेच तेच प्रश्न ऐकले, निवड मात्र प्रत्येक वेळी माझ्यावर सोपवली. परवा ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मला एक जाहिरात वाचून दाखवली, तेव्हा मी शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारले, ‘‘मॉनिटर कोणता आहे?’’ त्याच्याकडेही उत्तर नव्हते. त्याला तुमचा नंबर दिलेला नाही, काळजी नसावी; तूर्त त्याचे प्रश्न मीच ऐकतो आहे आणि अडलो तर तुम्हाला विचारीन.

आणि हो, मदरबोर्ड बसवायला दिलेला तुमचा चुंबकी स्क्रूड्रायव्हर अजून माझ्याकडेच आहे. येत्या रविवारी आणून देतो.

आपला कृतज्ञ,
साडेदहाला फोन करणारा