मासे कच्च्या रंगाचे नाहीत, बाबा

ती. आई-बाबांस,
सा. न.

तुम्ही आणलेले नवे गोल्डफिश फिके पडलेत म्हणून काल फोनवर आई मागून "दुकानदाराने फसवलंच" म्हणत होती आणि बाबा, तुमचा आवाज अगदी उतरला होता. फोनवर धड सांगता येईना, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा, तुमचा जन्म सुताच्या डाईंगमध्ये गेला. रंग उतरला की माल कच्चा, हेच तुमच्या मनात पहिलं येणार. सुईने रंग टोचलेले मासेही बाजारात असतात. काचेसारखे आरपार दिसणारे मासे त्यासाठी वापरतात आणि त्यांचा रंग खरंच उडतो. मला तो प्रकार क्रूर वाटतो. पण आपल्या गोल्डफिशचा केशरी रंग त्यांच्याच कातडीतला आहे.

माशांच्या कातडीत रंगपेशी असतात. काहींत काळ्या रंगाचे बारीक कण, काहींत पिवळ्या-लाल रंगाचे, काहींत नुसते चकाकणारे स्फटिक. हे कण पेशीत पसरतात किंवा मधोमध गोळा होतात. भाकरीवर शेंगाचटणी एकाच जागी ढीग करून ठेवली तर भाकरी पांढरीच दिसते, तीच पसरली की लाल होते, चटणी तेवढीच. मासा घाबरला की कण गोळा होतात आणि तो फिका पडतो, तेही बघता बघता. पिशवीतला प्रवास, नवं पाणी, अनोळखी उजेड, एवढं सोसून आलेला मासा फिका दिसणारच. रात्रीही रंग उतरतो, म्हणून पहाटे दिवा लावून लगेच तपासू नका.

दुसरं कारण तुमच्या टँकच्या तळाशी आहे. पांढरे खडे आणि वर झगझगीत दिवा असला की मासा त्या उजेडाशी जुळवून घेतो आणि फिकाच राहतो. गडद खडे घाला, मागे निळ्याऐवजी काळा कागद लावा, दिवा आठ तासांवर ठेवू नका. खाण्याचंही आहे. लाल-पिवळ्या रंगाचा बराचसा भाग माशाला अंगात तयार करता येत नाही, तो अन्नातूनच मिळतो. स्पिरुलिना नावाचं शेवाळ असलेलं खाद्य आणा आणि चिमूटभरच टाका.

तो मोठ्या डोळ्यांचा काळा मासा पोटाकडून सोनेरी होतोय म्हणालात ना, ते वेगळं. त्या जातीत काळ्या पेशी हळूहळू मरतात आणि खालचा रंग दिसू लागतो. तो बहुधा पुन्हा काळा होणार नाही, पण आजारी नाही. केशरी गोल्डफिशसुद्धा लहानपणी मातकट-हिरवट असतात, मग रंगतात.

आता आई, हे खास तुझ्यासाठी. टँक रोज रिकामा करून, फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून धुणं आजपासून बंद. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात. तो विषारी असतो. त्याला निरुपद्रवी करणारे जिवाणू त्या स्पंजात आणि खड्यांत वस्ती करतात, आणि नव्या टँकमध्ये त्यांना जम बसवायला चार ते सहा आठवडे लागतात. तू रोज स्वच्छ करतेस म्हणजे रोज त्यांना हाकलतेस. आठवड्याला पाव टँक पाणी बदल, आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळ. साबण तर अजिबात नको. पाण्याला वास आला किंवा मासे सुस्तावले तर पाव पाणी लवकर बदललं तरी चालेल.

नळ काही दिवसांआड येतो, पाणी साठवावंच लागतं. इथे त्याचा फायदाच आहे. नळ आला त्या दिवशीचं ताजं पाणी क्लोरीनचं असतं, ते थेट टँकमध्ये ओतू नकोस. बॅरलमधलं एक दिवस उघडं राहिलेलं घे, आणि वर दुकानातलं क्लोरीन मारायचं औषध दोन थेंब नव्हे, बाटलीवर लिहिलंय त्या मापाने घाल.

रंगापेक्षा वागणं बघा. मासा खातोय, पंख पसरून फिरतोय, तर थांबा. पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असेल, पंख मिटून कोपऱ्यात बसला असेल, पंखांवर लाल रेघा किंवा अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तर लगेच फोन करा. केशरी अंगावर अचानक काळे डाग आले तर तो बऱ्याचदा अमोनियाने पोळलेली कातडी भरून येतानाचा रंग असतो, तेव्हाही पाणी बघा.

एप्रिलच्या आधी टँक पश्चिमेच्या खिडकीजवळून हलवून घ्या. सोलापूरच्या उन्हात पाणी तापतं, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो, आणि गोल्डफिश थंड पाण्यातले मासे. हवेचा पंप दिवसरात्र चालू ठेवा. लाईट गेली तर पेल्याने पाणी वरून ओतत राहा. बाबा, भरलेला टँक एकट्याने उचलू नका, मी शनिवारी येतेय.

तुमची लेक