पासवर्डनंतरचा काळा पडदा

नौपाडा, ठाणे

प्रिय मंग्या,

तुझा मेसेज आणि स्क्रीनचा फोटो पाहिला. पासवर्ड घेतो, 'स्वागत' दिसतं, आणि पुढे काळा पडदा, त्यावर नुसता पांढरा बाण. कोपरखैरण्यातला तुमचा दुकानवाला लगेच 'फॉरमॅट मारून देतो' म्हणाला, यात नवल नाही. त्याला तेच सोपं पडतं. पण तू सोसायटीचा खजिनदार आहेस, मेन्टेनन्सच्या पावत्या, थकबाकीची यादी आणि वार्षिक सभेचा ताळेबंद त्याच मशीनमध्ये आहे, आणि सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आहे. तेव्हा मशीन घराबाहेर काढू नकोस. फोनवर बटणं सांगत बसण्यापेक्षा हे पत्र प्रिंट करून टेबलावर ठेव.

आधी नेमकं कुठे अडलंय ते समजून घे. पासवर्ड बरोबर निघाला की विंडोजचा विनलॉगऑन नावाचा प्रोग्रॅम युजरइनिट नावाच्या दुसऱ्याला उठवतो. तो तुझ्या खात्याच्या सेटिंग्ज लावतो, नेटवर्कची जोडणी बघतो आणि शेवटी एक्सप्लोरर सुरू करतो. टास्कबार, आयकॉन, स्टार्ट मेन्यू, मागचं चित्र, ज्याला आपण डेस्कटॉप म्हणतो ते सगळं एक्सप्लोररच दाखवतो. तो आला नाही तर उरतो तुझ्या फोटोतला काळा पडदा. म्हणजे विंडोज मेलेली नाही. बाण हलतोय ना? मग ती जागी आहे.

आता पहिलं काम. सीपीयूमागे कीबोर्ड आणि माऊस सोडून जे जे लावलंय ते काढ: प्रिंटर, पेनड्राइव्ह, वेबकॅम, आणि नेटची लॅन केबलसुद्धा. केबल काढायला विशेष कारण आहे. ऑफिसच्या किंवा दुसऱ्या मशीनच्या शेअर केलेल्या ड्राइव्हची जोडणी राहून गेली असेल आणि ते मशीन बंद असेल, तर विंडोज लॉगइनच्या वेळी त्याची वाट पाहत बसते. केबल काढून लॉगइन केल्यावर डेस्कटॉप झटकन आला तर दोष तिथेच आहे, पुढचं काही करायला नको.

दोन मॉनिटर लावले असतील किंवा कधी टीव्हीला जोडलं असेल, तर विंडोज बटण धरून पी दाब, मग खालचा बाण आणि एंटर, आणि पाच-सहा सेकंद थांब. काही दिसलं नाही तर पुन्हा. कधी कधी चित्र जागेवर नसलेल्या दुसऱ्या पडद्यावर गेलेलं असतं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर अडकला असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाब. 'टुक' असा आवाज येऊन पडदा क्षणभर लुकलुकला तर ड्रायव्हर पुन्हा सुरू झाला. या दोन्हीने डेटाला काहीही होत नाही, म्हणून आधी हे.

आता मुख्य गोष्ट. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाब. टास्क मॅनेजर उघडला तर अर्धी लढाई जिंकलास. विंडोज १० मध्ये तो लहान खिडकीत उघडतो. खाली 'मोअर डिटेल्स' वर क्लिक कर. यादीत 'विंडोज एक्सप्लोरर' आहे का बघ. असेल तर त्यावर राइट क्लिक करून 'एंड टास्क' कर. मग फाइल मेन्यूतून 'रन न्यू टास्क' (११ मध्ये ते वरच बटण म्हणून दिसतं), आणि चौकटीत इंग्रजीत एक्सप्लोरर डॉट ईएक्सई टाइप करून एंटर. इथे तीनपैकी एक होईल.

डेस्कटॉप आला, तर एक्सप्लोरर शाबूत आहे, त्याला बोलावणारा चुकतोय. डेस्कटॉप येऊन टास्कबार सारखा लुकलुकतोय, तर एक्सप्लोरर सुरू होऊन पडतोय, पुन्हा सुरू होतोय. बहुतेक वेळा कुठल्यातरी बाहेरच्या सॉफ्टवेअरने राइट क्लिकच्या मेन्यूत घुसवलेला तुकडा हे करतो: झिप करणारे, पीडीएफवाले, क्लाउडवाले प्रोग्रॅम. आणि काहीच झालं नाही, तर सिस्टिमची फाइल खराब आहे किंवा डिस्क आजारी आहे.

पण पुढे जाण्याआधी हिशेब बाहेर काढ. डेस्कटॉप नसतानाही फाइल कॉपी करता येतात, हे फार लोकांना माहीत नसतं. 'रन न्यू टास्क' च्या चौकटीत 'ब्राऊज' बटण आहे. ते दाबलंस की फाइल निवडायची खिडकी उघडते. तिच्या खाली उजवीकडे 'प्रोग्रॅम्स' असं लिहिलेलं असतं, ते बदलून 'ऑल फाइल्स' कर. आता सगळं दिसेल. पेनड्राइव्ह लाव, सोसायटीच्या फोल्डरवर राइट क्लिक, कॉपी, पेनड्राइव्हवर जाऊन पेस्ट. एक्सेलच्या फाइल आणि टॅलीचा डेटा वेगवेगळ्या जागी असतो. टॅलीत डेटाच्या फोल्डरचा पत्ता काय दिलाय ते आठव, नाहीतर ड्राइव्हमध्ये 'डेटा' नावाचा फोल्डर शोध. पावत्यांचं सॉफ्टवेअर वेगळं असेल तर त्याचं फोल्डरही अख्खं उचल. कॉपी झाल्यावर पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावून एखादी फाइल खरोखर उघडून बघ.

एक सावधगिरी फार महत्त्वाची. लॉगइन झाल्यावर कोपऱ्यात 'तुमच्या खात्यात साइन इन करता आलं नाही' अशा अर्थाची इंग्रजी सूचना आली, किंवा डेस्कटॉप अगदी नवा कोरा दिसला, तर विंडोजने तुला तात्पुरतं प्रोफाइल दिलंय. त्यात काहीही सेव्ह करू नकोस. लॉगआउट केलंस की ते सगळं पुसलं जातं. तुझ्या जुन्या फाइल सी ड्राइव्हमधल्या युजर्स फोल्डरात तुझ्या नावाखाली तशाच असतात, त्यामुळे डेटा गेला म्हणून घाबरायचं नाही.

हे तात्पुरतं प्रोफाइल का येतं? प्रत्येक खात्याच्या बहुतेक सेटिंग्ज त्याच्या एनटीयूजर नावाच्या फाइलमध्ये असतात. लिहिता लिहिता लाइट गेली की ती अर्धवट राहते. पावसाळ्यात तुमच्याकडे लाइट येते-जाते तेव्हा हमखास होणारा प्रकार. सी ड्राइव्ह तुडुंब भरली तरीही हेच होतं, म्हणून किमान पंधरा-वीस जीबी मोकळी ठेवत जा. डागडुजीसाठी रेजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, जावं लागतं: 'रन न्यू टास्क' मध्ये रेजएडिट लिही, 'अॅडमिन म्हणून चालव' वर टिक कर. मग लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, प्रोफाइल लिस्ट असं उतरत जा. तिथे एस-१-५-२१ ने सुरू होणारी लांबलचक नावं दिसतील. एकच नाव दोनदा असेल आणि एकाच्या शेवटी डॉट बीएके लागलेलं असेल, तर तेच दुखणं. आधी 'एक्सपोर्ट' करून मूळ प्रत ठेव. मग बीएके नसलेल्याचं नाव थोडं बदल, बीएके असलेल्याचं शेपूट काढ. त्यात उजवीकडे स्टेट आणि रेफकाउंट दिसले तर दोन्हींची किंमत ० कर. प्रोफाइल इमेज पाथमध्ये तुझ्या खऱ्या फोल्डरचा पत्ता आहे ना, ते बघायला विसरू नकोस. रीस्टार्ट.

त्याच करंट व्हर्जनमध्ये विनलॉगऑन नावाचा फोल्डर आहे. त्यात शेलसमोर फक्त एक्सप्लोरर डॉट ईएक्सई हवं. युजरइनिटसमोर सिस्टिम३२ मधल्या युजरइनिटचा पूर्ण पत्ता आणि शेवटी स्वल्पविराम. तो स्वल्पविराम मुळातच असतो, चूक समजून खोडू नकोस. शेलसमोर दुसऱ्याच प्रोग्रॅमचं नाव असेल तर ते बहुधा व्हायरसचं काम. अँटिव्हायरसने व्हायरस काढला पण इथलं नाव तसंच राहिलं, असंही होतं. मग विंडोज त्या नाहीशा झालेल्या प्रोग्रॅमला हाका मारत बसते. हाच फोल्डर करंट युजरखालीही असतो. तिथे शेल नावाची नोंदच नसावी. असेल तर तीच आधी लागू होते, म्हणून ती काढ.

टास्क मॅनेजर उघडलाच नाही तर सेफ मोड, म्हणजे मोजक्याच गोष्टींनिशी सुरू होणारी विंडोज. लॉगइनच्या पानावर कोपऱ्यातल्या पॉवरच्या चिन्हावर क्लिक कर, शिफ्ट धरून ठेव आणि रीस्टार्ट. मग ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि ४ दाब. नेट हवं असेल तर ५. एफ८ दाबत बसू नकोस, विंडोज ८ पासून ते मुळातच बंद असतं. इथे दोन गोष्टी आधी हाताशी ठेव. एक, खात्याचा खरा पासवर्ड, कारण सेफ मोडमध्ये पिन कधी कधी चालत नाही. दोन, ड्राइव्ह बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की विचारली जाईल. ती तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात फोनवरूनही बघता येते. एमएस कॉन्फिग (विंडोज कशी सुरू व्हावी ते ठरवणारा प्रोग्रॅम) मधली 'सेफ बूट' ची टिक मात्र लावू नकोस. पासवर्ड आठवला नाही तर मशीन सेफ मोडमध्येच अडकतं.

सेफ मोडमध्ये डेस्कटॉप नीट आला, तर विंडोज ठीक आहे आणि बाहेरचं काहीतरी आडवं येतंय. एमएस कॉन्फिग उघड, सर्व्हिसेसमध्ये 'मायक्रोसॉफ्टच्या लपवा' वर आधी टिक कर आणि मगच उरलेल्या सगळ्या बंद कर. ती टिक लावायची राहिली आणि सगळं बंद केलंस तर नवीनच भानगड. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमधलेही सगळे प्रोग्रॅम बंद कर. नेहमीसारखं सुरू केल्यावर डेस्कटॉप आला की अर्धे चालू करून बघ, मग त्यातले अर्धे. चोर लवकर सापडतो.

कोण पडलं त्याचा पुरावाही मिळतो. इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे विंडोजची नोंदवही. त्यात विंडोज लॉग्ज, त्यात अॅप्लिकेशन. १००० क्रमांकाच्या नोंदीत एक्सप्लोररचं नाव असेल तर खाली 'फॉल्टिंग मॉड्यूल' ची ओळ वाच. तिथे गुन्हेगाराचं नाव बरेचदा उघड लिहिलेलं असतं. १५११ म्हणजे तात्पुरतं प्रोफाइल. सिस्टिमच्या लॉगमध्ये डिस्कच्या नावाने ७ किंवा एनटीएफएसच्या नावाने ५५ दिसला तर दुरुस्ती तिथेच थांबव.

कारण मग संशय डिस्कवर. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ०५, सी५ आणि सी६ या ओळी (डिस्कवरच्या खराब जागांचे आकडे) बघ. रॉ व्हॅल्यू शून्य असायला हवी. सी५ वाढत असेल तर डिस्क जायला लागली; डेटा काढल्याशिवाय चेकडिस्क (डिस्क तपासणारी कमांड) चालवू नकोस, आजारी डिस्कला ती धावपळ झेपत नाही. पण नुसती सी७ वाढलेली असेल तर दोष डिस्कचा नव्हे, तिला मदरबोर्डशी जोडणाऱ्या साटाच्या केबलचा. तुमच्याकडे खाडीचा दमट, खारा वारा. जोडणीतले धातूचे संपर्क खराब होतात. केबल काढून पुन्हा घट्ट बसव, नाहीतर नवी लाव. सी७ चा आकडा मागे कधी येत नाही, तो पुढे वाढायचा थांबला की झालं.

डिस्क ठणठणीत असेल तर अॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून दोन कमांड, याच क्रमाने. पहिली: डिसम, स्पेस, स्लॅश ऑनलाइन, स्पेस, स्लॅश क्लीनअप-इमेज, स्पेस, स्लॅश रिस्टोअरहेल्थ. हिला नेट लागतं आणि मध्येच ती एका टक्क्यावर बराच वेळ थांबते. खिडकी बंद करू नकोस. दुसरी: एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ. पहिली चांगल्या फाइलींचा साठा दुरुस्त करते, दुसरी त्या साठ्यातून खराब फाइल बदलते, म्हणून उलटा क्रम लावला तर दुसरी पुन्हा चालवावी लागते. आणि अपडेटनंतर लगेच सुरू झालेलं दुखणं असेल तर अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे, तिथे क्वालिटी अपडेट काढ.

'रीसेट' अगदी शेवटी. त्यात 'माझ्या फाइल ठेवा' म्हटलं तरी टॅली, मराठी टायपिंगचं श्रीलिपी, प्रिंटरचा ड्रायव्हर सगळं जातं, आणि कुठल्या प्रोग्रॅमच्या फोल्डरातच डेटा असेल तर तोही.

शनिवारी मला इव्हेंट व्ह्यूअरचा आणि त्या चार ओळींचा फोटो पाठव. डिस्क बदलायचीच वेळ आली तर वाशीला रघुलीला मॉलच्या बाजूला एकत्र जाऊ. कॅबिनेट उघडून मदरबोर्डवर एम डॉट टूची खाच (चपटी एसएसडी बसवायची जागा) आहे का ते आधी बघून ठेव, नसेल तर अडीच इंची साटा एसएसडी घ्यायची. तुझं मशीन सातव्या पिढीचं इंटेल आहे, म्हणजे ११ त्यावर रीतसर बसणार नाही, आणि १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे नव्या डिस्कवर किती खर्च करायचा ते कमिटीला विचारूनच ठरव. यूपीएसची बॅटरीही बघ: १२ व्होल्ट, ७ एएचची असते, दोन-तीन वर्षांत दम सोडते.

तुझा,
सुऱ्या