त्या रात्री चॅटवर थांबलेल्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव मला ठाऊक नाही, माझं तुम्हाला नाही. पत्ता नसलेलं हे पत्र म्हणून असं सगळ्यांसमोरच लिहितेय.

सतरा वर्षांची होते. फोन केला असता तर भिंतीपलीकडे आवाज गेला असता, म्हणून मनाच्या त्रासात मदत करणाऱ्या हेल्पलाइनची चॅट उघडली. "बोलायचंय" एवढं लिहिलं आणि पुढं सुचेना. लिहायचे, पुसायचे. बऱ्याच वेळानं तुमचा मेसेज आला, "घाई नाही. मी इथंच आहे." आणि लगेच दुसरा, "तुला 'तू' म्हटलेलं चालेल ना?" माझ्याबद्दलची एखादी गोष्ट मला विचारून ठरवायची, हेच त्या दिवसांत नवं होतं.

आपलं बोलणं आपल्यातच राहील, पण जिवाला धोका आहे असं वाटलं तर आणखी कुणाची मदत घ्यावी लागेल, आणि ते आधी तुलाच सांगेन, हे तुम्ही सुरुवातीलाच स्पष्ट केलंत. क्षणभर चॅट बंद करावीशी वाटली. मग वाटलं, ही बाई लपवाछपवी करत नाही.

आणि मग तुम्ही सरळ विचारलंत, "मरून जावं असं मनात येतं का?"

घरातले सगळे या प्रश्नाला वळसा घालून जात होते. विचारलं तर पोरीच्या डोक्यात नसलेलं येईल, ही भीती. ती खरी नाही, ताई, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. मी "हो" लिहिलं आणि कित्येक आठवड्यांनी पोटभर रडले. तुम्ही घाबरला नाहीत. "आईवडिलांचा विचार कर" म्हणाला नाहीत. कधीपासून, दिवसातल्या कोणत्या वेळी जास्त, आजची रात्र कशी काढायची, एवढंच विचारत राहिलात.

कागद घ्यायला लावलात. मन बिघडू लागलंय हे कशावरून ओळखायचं, तेव्हा काय करायचं, कोणत्या वस्तू हाताशी ठेवायच्या नाहीत, कुणाला उठवायचं. मी "मावशी" लिहिलं. "मावशीला काय म्हणशील, ते आत्ताच लिहून बघ," तुम्ही म्हणालात. मी लिहिलं, "मावशी, मला बरं नाहीये. अंगाचं नाही, मनाचं." सकाळी तिला तोच मेसेज पाठवला. एक अक्षरही बदललं नाही. नऊ वाजता ती दारात होती.

पुढं या कामाचा इतिहास वाचला. 1953 साली लंडनमध्ये चॅड वारा नावाच्या धर्मगुरूंनी आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी फोनसेवा सुरू केली. तीच पुढं समॅरिटन्स झाली. वारांना भेटायला आलेली माणसं बाहेर थांबायची, तेव्हा स्वयंसेवक त्यांना चहा द्यायचे, त्यांच्याशी बोलत बसायचे. कितीतरी जणांना तेवढ्यानंच हलकं वाटायचं, आत जायची गरजच उरायची नाही. हे वाचताना तुमचे ते लांबलांब थांबणारे मेसेज आठवले. तुम्ही ऐकत होतात.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचेत, ही सेवा फुकट असल्याचे. फी असती तर ती कुणाकडं तरी मागावी लागली असती, आणि पैसे कशाला हवेत हे सांगावं लागलं असतं. तेच तर सांगता येत नव्हतं! मदतीला पैसे लागले की लहान वयाच्या माणसाला आधी परवानगी लागते. ज्यांच्या घरातच दुखणं आहे, त्यांनी ती कुणाकडं मागायची?

नंतर एकदा पुन्हा तिथं आले तेव्हा रांग होती, बराच वेळ थांबावं लागलं. ते थांबणं सोपं नव्हतं. तुमच्यासारखी माणसं आणखी हवीत, त्यांना नीट प्रशिक्षण हवं आणि नीट पगारही हवा, असं मला मनापासून वाटतं.

आपली चॅट संपली तेव्हा पहाटेचे तीन वाजून गेले होते. मी झोपले. तुमच्यापुढं कदाचित लगेच दुसरं कुणी आलं असेल. त्या रात्री पाळी संपल्यावर तुमचंही कुणी ऐकून घेतलं ना, ताई? एवढं विचारायचं राहून गेलं होतं.

तुमची,
मावशीला मेसेज पाठवलेली मुलगी