भोक न पाडलेल्या करारनाम्यांसाठी

वागळे इस्टेटमधल्या कार्यालयातील सर्व वकील मंडळींना,
सप्रेम नमस्कार.

ठाण्यात चरईतल्या 16 सदनिकांच्या त्या जुन्या इमारतीचा मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरने करून दिली नाही तरी जमीन संस्थेच्या नावे करण्याचा, आदेश गेल्या मंगळवारी हातात आला. आदेशाबद्दल आभार मानायचे आहेतच. पण हे पत्र खरं तर एका पेन्सिलीसाठी आहे.

पहिल्याच शनिवारी सभासदांनी सदनिका खरेदीचे मूळ करारनामे टेबलावर ठेवले, तेव्हा तुमच्यातल्या एका तरुण वकीलबाईंनी शेजारचं पंचिंग मशीन उचलून खाली खुर्चीवर ठेवलं. प्रत्येक करारनामा वेगळ्या पारदर्शक पाकिटात घातला. पाकिटावर पेन्सिलीने सदनिका क्रमांक लिहिला, कागदाला शाई लागू दिली नाही. छायाप्रती सभासदांच्या देखत काढल्या, मूळ प्रती त्याच दिवशी परत दिल्या. ज्या चार ठेवून घ्याव्या लागल्या, त्यांची मराठीत हाताने लिहिलेली पोच दिली. तिच्यात पानांची संख्या आणि कोणतं पान फाटकं आहे हेसुद्धा लिहिलं होतं.

या कामात नसलेल्यांना यात एवढं काय, असं वाटेल. हे करारनामे 1983-84 चे, पाच रुपयांच्या मुद्रांकावरचे. 10 डिसेंबर 1985 पूर्वीच्या अशा करारांवर सदनिकेच्या किमतीनुसार मुद्रांक शुल्क नव्हतं. त्यामुळे पुढे मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क किती लागतं हे ठरवायला, कागद गेले की करार कधीचा, हे आधी पाहतात. मुद्रांक विक्रेत्याचा शिक्का आणि तारीख बहुधा कडेला असते. फाइल लावताना पंचिंग मशीनचं भोक नेमकं तिथेच पडतं. तारखेतला एक आकडा गेला, तर त्या एका सदनिकेपायी सगळ्या संस्थेचं प्रकरण अडतं, वर दंडासह शुल्काची भीती उभी राहते. याच इमारतीच्या तीन करारनाम्यांना आधीच भोकं पडलेली होती. ती कुणी पाडली ते सभासदांना ठाऊक आहे.

तुमच्याआधी दोन सल्लागार होऊन गेले. त्यांनी सदनिकेमागे ठरलेली रक्कम आगाऊ घेतली, मूळ कागद ‘फाइलला लागतात’ म्हणून नेले आणि महिनोन्‌महिने ठेवून घेतले. मानीव अभिहस्तांतरणाच्या नमुना 7 मधल्या अर्जावर 2,000 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, तेवढंही पहिल्या वेळी लावलेलं नव्हतं. बिल्डरला नोटीस ‘पाठवली’ असं तोंडी सांगितलं, पोस्टाची पावती कधी दाखवली नाही. सत्तरी ओलांडलेली माणसं त्यांच्या दारात दोन-दोन तास उभी राहत. हे लिहिताना आजही राग येतो.

ठाण्यात गृहनिर्माण संस्थांच्या कागदपत्रांचं काम करणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांना सुरुवातीला शंका होती. कंपन्यांचे करार पाहणारे वकील सातबारा कसा वाचणार? पण हे प्रकरण जिथे अडलं होतं, ती गाठ सोडवायला कंपनी कायदा जाणणारेच लागले. बिल्डर होता प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आणि कंपनी निबंधकांच्या नोंदवहीतून तिचं नाव कमी झालेलं. आधीच्यांनी इथेच हात वर केले होते: कंपनीच नाही, तर नोटीस कोणाला द्यायची? तुम्ही कंपनीचे जुने दस्त काढले. शेवटचा नोंदणीकृत पत्ता, शेवटच्या संचालकांची नावं, त्यांचे पत्ते, सगळं ओळीने मांडलं. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 250 प्रमाणे नाव कमी झालं तरी देणी भागवण्यापुरती आणि जबाबदाऱ्या पार पाडण्यापुरती कंपनी अस्तित्वात धरली जाते, हा मुद्दा अर्जात दोन परिच्छेदांत बसवला. नोटिसा कंपनीच्या पत्त्यावर गेल्या, प्रत्येक संचालकाला स्वतंत्र गेल्या आणि मूळ जमीनमालकाच्या वारसांनाही गेल्या. वारसांना वगळणं ही तर सर्रास होणारी चूक. परत आलेली पाकिटं उघडायची नाहीत, पोस्टमनचा शेरा आणि शिक्का दिसेल अशी तशीच जोडायची, हेही सचिवांना तुम्हीच समजावलंत. शिवाय वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिलीत. सुनावणीला समोरून कोणी आलं नाही, पण नोटीस बजावली गेली नाही असं म्हणायला कुणाला जागाही उरली नाही.

जमिनीच्या वर्णनातही तुम्ही घाई केली नाही. करारनाम्यात जुना सर्व्हे नंबर आणि हिस्सा, मिळकत पत्रिकेवर (शहरातल्या जमिनीच्या सरकारी उताऱ्यावर) टिका नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर, अशी जुन्या ठाण्यात नेहमीची तफावत. नगर भूमापन कार्यालयातून दोन्ही क्रमांकांचा मेळ काढून आणल्याशिवाय तुम्ही अर्ज टाइपच केला नाही. प्लॉटचा एक पट्टा रस्ता रुंदीकरणात गेला होता. करारात लिहिलेलं जुनं क्षेत्र मागा, असा काही सभासदांचा आग्रह होता. जे जमिनीवर नाही ते मागितलं तर हरकतीला आयतं कारण मिळतं आणि मालकीचे वाद सोडवणं हे सक्षम प्राधिकाऱ्याचं, म्हणजे हा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याचं, काम नव्हे, हे तुम्ही शांतपणे, तीन वेळा सांगितलंत. तिसऱ्या वेळीही आवाज चढला नाही.

भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला पालिकेने दिलेला दाखला) नसल्याची धास्ती अजून अनेक संस्थांना आहे, म्हणून इथे लिहितो: 22 जून 2018 च्या शासन निर्णयानुसार त्याऐवजी संस्थेचं स्वयंघोषणापत्र चालतं. या संस्थेचं तसंच झालं.

मालकी हक्काच्या सदनिकांबाबतच्या महाराष्ट्राच्या 1963 च्या कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन संस्थेच्या नावे करायची असते. त्याने केली नाही तरी संस्थेला हक्क मिळावा म्हणून 2008 ची दुरुस्ती झाली. कायदा एवढा चांगला असूनही लहान संस्था कागद गोळा करतानाच दमतात. 16 घरांच्या वर्गणीत चांगला वकील परवडत नाही, आणि जो परवडतो तो बरेचदा कागद हरवतो. तुमच्या कार्यालयाने महिन्यातला एक शनिवार अशा संस्थांसाठी राखला, त्याचं मोल आम्हाला त्यामुळेच फार आहे. कोट्यवधींच्या व्यवहाराची कागदपत्रं तुम्ही ज्या शिस्तीने तपासत असाल, पान मोजून, यादीवर खूण करून, प्रत मुळाशी ताडून, तीच शिस्त एका पेन्शनर बाईंच्या पिवळ्या पडलेल्या करारनाम्याला मिळाली. त्या बाईंना तुम्ही ‘आजी’ म्हणालात, पण सही घेण्याआधी प्रतिज्ञापत्र मराठीत पूर्ण वाचून दाखवलंत. समोरच्याला समजलं की नाही हे पाहणारी माणसं सगळ्याच कार्यालयांत असती, तर आम्हा कार्यकर्त्यांचं अर्धं काम उरलं नसतं.

आदेश मिळाला की पेढे वाटून फाइल कपाटात ठेवणाऱ्या संस्था आम्ही खूप पाहिल्या आहेत. मग पुनर्विकासाच्या वेळी कळतं की मिळकत पत्रिकेवर अजून जुनंच नाव आहे. तसं होऊ नये म्हणून तुम्ही पुढचा क्रम लिहून दिलात, तो कार्यालयाच्या भिंतीवर लावला आहे: दस्ताचा मसुदा, अभिनिर्णय, दुय्यम निबंधकांकडे नोंदणी, इंडेक्स टू (त्या नोंदणीचा उतारा), आणि शेवटी मिळकत पत्रिकेवर संस्थेचं नाव. मसुदा तयार आहे. भोकं पडलेल्या त्या तीन करारनाम्यांच्या जोडीला त्या सदनिकांच्या जुन्या पावत्या आणि संस्थेच्या सभासद नोंदवहीचे उतारे लावले आहेत. येत्या शनिवारी ते घेऊन येतो.

पोचपावतीतले चारही करारनामे काल परत मिळाले. पानं मोजून घेतली, बरोबर आहेत.

आपले स्नेहांकित,
गृहनिर्माण संस्थांच्या कामातले कार्यकर्ते, ठाणे