आजी, आतून लागलेल्या त्या कडीसाठी थँक यू

प्रिय आजी,

तुमचं नाव लिहीत नाहीये. कन्सेंट फॉर्मवर सही घेताना मीच सांगितलं होतं ना की तुमचं नाव कुठे येणार नाही म्हणून, मग इथेही नाही. माझ्या वहीत तुम्ही एकोणीस नंबर होतात, पण नातीने हे वाचून दाखवलं की दुसऱ्या ओळीतच तुम्हाला कळेल की ही ती वही घेऊन येणारी सिस्टर.

आधी बातमी सांगते, माझं डिझर्टेशन, म्हणजे तुमच्याकडच्या भेटी ज्यासाठी होत्या तो प्रबंध, सबमिट झालं, व्हायवा म्हणजे त्याची तोंडी परीक्षा पण झाली, आणि एक्स्टर्नल म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी सगळ्यात जास्त वेळ काय विचारलं असेल तर तुमच्या बाथरूमच्या दाराबद्दल. म्हणून आज ड्युटी संपल्यावर लिहायला बसलेय, नाहीतर फोनवर दोन मिनिटं बोलून मोकळी झाले असते आणि तेवढ्यावर हे भागणार नव्हतं.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझा विषय असा होता की खुब्याचं ऑपरेशन होऊन घरी गेलेले साठीपुढचे पेशंट वॉकर, काठी, कमोड खुर्ची, गळ्यात घालायचं इमर्जन्सी बटण ही साधनं घरी गेल्यावर खरंच वापरतात का. चार पानी प्रश्नावली. त्यात सातवा प्रश्न, वॉकर वापरता का, हो, नाही, कधीकधी. तुम्ही म्हणालात हो, मी टिक केली. दोन आठवड्यांनी आले तेव्हाही हो. माझ्या कागदावर तुम्ही एकदम व्यवस्थित पेशंट होतात, आणि मला बरं वाटलं होतं की चला, एक तरी केस सरळ चाललीये.

तिसऱ्या भेटीत मी वही बंद करून निघाले होते आणि तुम्ही म्हणालात, थांब गं पोरी, जरा आत जाऊन येते. तुम्ही वॉकर घेऊन उठलात, बाथरूमपर्यंत नीट गेलात, आणि दाराशी वॉकर बाजूला लावून ठेवलात. मग एक हात चौकटीला, दुसरा भिंतीला, असं करत तीन पावलं आत. भिंतीला बरोबर तुमच्या हाताच्या उंचीवर रंगाचा मळकट पट्टा पडला होता. एवढा पट्टा एक-दोन दिवसांत पडत नाही. मी अवाक होऊन बघत होते, आणि तुम्ही बाहेर आल्यावर अगदी सहज म्हणालात, "वॉकर मला दारापर्यंत सोडतो, पुढे भिंत आहे की."

मग मी टेप काढली. वॉकर ६१ सेंटीमीटर, दार ५६. वॉकर आडवा करून बाजूने पावलं टाकत आत शिरायचं असतं, ते शिकवतात पेशंटला, पण तुमच्याकडे आत वळायलाच जागा नव्हती. आणि पहिल्यांदा पडलात कुठे होतात, तर तिथेच, त्याच तीन पावलांत. म्हणजे ज्या जागेसाठी वॉकर दिला त्याच जागेत तो जात नव्हता, आणि हे डिस्चार्ज देताना आमच्यापैकी कुणीही विचारलं नव्हतं. मी पण नाही.

आम्ही वॉर्डात मॉर्स फॉल स्केल भरतो, पेशंट पडायचा धोका किती ते मोजायला. त्यात काठी किंवा वॉकर घेऊन चालणाऱ्याला १५ मार्क आणि फर्निचर धरत धरत चालणाऱ्याला ३०, मार्क जास्त तेवढा धोका जास्त. तुम्हाला मी १५ दिले होते. दारापर्यंत ते बरोबरच होते, पण दाराच्या आत तुम्ही ३० वाल्या होतात, आणि माझा कागद दारापाशीच संपत होता. त्या रात्री मला झोप लागली नाही, खरं सांगते.

माझ्या पहिल्या चॅप्टरचं पहिलं वाक्य होतं की जगात २५० कोटींपेक्षा जास्त लोकांना निदान एक तरी सहाय्यक साधन लागतं, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचा २०२२ चा रिपोर्ट आहे. त्याच चॅप्टरमध्ये पुढे १९९३ चा फिलिप्स आणि झाओ यांचा अमेरिकेतला अभ्यास लिहिला होता, २२७ जणांना विचारलं तर २९.३ टक्के साधनं लोकांनी वापरणंच सोडून दिलं होतं, आणि त्याच्या कारणांत एक कारण हे की साधन निवडताना ज्याला ते वापरायचंय त्याचं मत विचारातच घेतलं नव्हतं. हे मी सेमिनारमध्ये स्लाइड लावून सांगितलेलं आहे आजी! आणि तरी तुमच्यासमोर बसून हो की नाही एवढंच विचारत होते.

आणि ते बटण. ते तुम्ही गळ्यात न घालता कपाटाच्या खिळ्याला लटकवलं होतं. मी जरा रागावूनच विचारलं, त्याबद्दल आज माफी मागते, तेव्हा तुम्ही सांगितलंत की एकदा झोपेत चुकून दाबलं गेलं आणि मुलगा कामावरून सगळं टाकून धावत आला, घामाघूम, आणि तुम्ही ठणठणीत बसलेल्या, तेव्हापासून ते गळ्यात घालायची भीती वाटते. मला वाटलं हे तुमचं एकटीचं असेल. मग शोधलं तर २००८ चा ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला अभ्यास सापडला, केंब्रिजमधल्या नव्वदी पार केलेल्या ११० लोकांवर वर्षभर लक्ष ठेवलं होतं, बटणं बऱ्याच जणांकडे होती, पण पडून बराच वेळ जमिनीवर राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी ती दाबलीच नव्हती. मी तुमच्या शेजारी बसून हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "त्यांना पण कुणाला त्रास द्यायचा नसेल." मी हे वाक्य जसंच्या तसं फील्ड नोट्समध्ये लिहिलंय.

एक सांगू का, आम्हा नर्सेसना पण यंत्रावर पटकन विश्वास बसतो, कारण हात कमी पडतात. रात्री एकीकडे दोन पेशंट सिरियस असतात, तेव्हा बेडमधून कुणी उठलं की वाजणारा अलार्म म्हणजे आधार वाटतो, आणि त्याचं काय चुकतं ते लगेच दिसत नाही. पण २०१२ मध्ये एक मोठी ट्रायल झाली, १६ वॉर्ड, २७ हजारांहून जास्त पेशंट, बेड अलार्मचा वापर वाढवला तरी पडण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही. अलार्म वाजेपर्यंत माणूस उठलेला असतो हो. तो का उठला, त्याला कुठे जायचं होतं, हे अलार्म सांगत नाही, ते आधी जाऊन विचारावं लागतं.

तर चौथ्या भेटीला मी प्रश्नावली पिशवीतच ठेवली आणि तुम्हाला विचारलं, आजी, तुम्हाला काय परत करता यायला हवंय? मला वाटलं तुम्ही म्हणाल जिना उतरायचाय, बाहेर जायचंय. तुम्ही बराच वेळ गप्प बसलात. मग हळूच म्हणालात की पडल्यापासून घरचे बाथरूमची कडी लावू देत नाहीत, दार नुसतं लोटून घ्यायचं आणि बाहेर कुणीतरी उभं राहणार, मला एकदा कडी लावून शांतपणे आत बसायचंय. हे सांगताना तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होतात.

आजी, माझ्या चार पानांत या उत्तराला चौकोनच नव्हता.

मी गाइड मॅडमना तसंच्या तसं सांगितलं, आणि त्यांनी मला बाल्टिमोरमधलं काम वाचायला लावलं. तिथे सारा झँटन नावाच्या नर्स संशोधक आहेत, त्यांच्या प्रोग्रॅममध्ये नर्स, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं परत स्वतः करता यावीत म्हणून मदत करणारे) आणि घरातली दुरुस्ती करणारा कारागीर असे तिघं मिळून म्हाताऱ्या माणसाच्या घरी जातात, आणि काय करायचं ते आधी त्या माणसाने ठरवायचं, यांनी नाही. मला त्यातलं सगळ्यात जास्त काय भावलं तर कारागीर टीममध्ये असणं. आम्ही पेशंटचा बीपी बघतो, जखम बघतो, गोळ्या बघतो, पण दाराला बिजागरी कुठल्या बाजूला आहे हे कोण बघणार?

कारण बघितलं तर तुमचं दार आतल्या बाजूला उघडत होतं. म्हणजे कुणी आत दाराला लागून पडलं तर बाहेरून ढकलताच येत नाही, घरचे कडीला घाबरत होते ते अगदीच चूक नव्हते. तुमच्या मुलाला हे कागदावर काढून दाखवलं, त्यांनी पुढच्या रविवारी सुताराला बोलावून दार बाहेर उघडणारं करून घेतलं, कडी अशी बसवली की आतून लागते पण गरज पडली तर बाहेरून नाणं घालून फिरवता येते, चौकटीला एक आणि आत एक असे धरायचे दांडे भिंतीत पक्के ठोकून घेतले (टॉवेलचा रॉड धरायचा नाही हं, तो माणसाचं वजन घेत नाही, हे मी आता प्रत्येक घरी सांगते), आणि पायाच्या उंचीवर एक सेन्सरचा दिवा, रात्री पाऊल टाकलं की लागणारा. अख्ख्या कामात सगळ्यात हायटेक वस्तू म्हणजे तो दिवा.

बटणाचं पण तुम्हीच सुचवलंत, की ते गळ्यात नको, बाथरूममध्येच खाली लावा, जमिनीवर पडले तरी हात पोचेल असं. किती बरोबर आहे ते! जिथे पडायची भीती तिथेच बटण, आणि झोपेत दाबलं जायचा प्रश्नच नाही.

मग तो दिवस. तुम्ही वॉकर दाराशी ठेवलात, दांडा धरलात, मागे वळून आम्हा सगळ्यांकडे बघितलंत आणि म्हणालात, जा आता सगळे, इथे काय उभे राहताय. दार लागलं. आणि मग कडीचा टक् असा आवाज आला. तुमची सून माझ्या शेजारी उभी होती, तिने माझा हात घट्ट धरला, आणि आम्ही दोघी काही न बोलता पुढच्या खोलीत जाऊन बसलो.

शेवटच्या भेटीत खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायची ती टेस्ट तुम्ही आधीपेक्षा कमी वेळात केलीत, ते थिसिसमध्ये टेबलमध्ये आहेच. कडीचा आवाज टेबलमध्ये बसत नव्हता, तर मॅडमनी त्यासाठी वेगळं प्रकरण लिहायची परवानगी दिली, आणि व्हायवाला चर्चा झाली ती त्याच्यावर. आता आमच्या वॉर्डात डिस्चार्जच्या आधी नातेवाइकांना घरातल्या दारांचं माप आणायला सांगतो, दार कुठल्या बाजूला उघडतं तेही विचारतो, आणि फॉर्मवर पहिला प्रश्न तोच आहे जो तुम्हाला चौथ्या भेटीत विचारला होता. पहिल्या भेटीत विचारायला हवा होता.

सही घेताना तुम्ही विचारलं होतं, "यातनं मला काय मिळणार गं?" आणि मी फॉर्मवरचं वाचून दाखवलं होतं की थेट फायदा काही नाही. तरी तुम्ही सही केलीत, मला इतक्या वेळा घरात घेतलंत, जे कुणाला सांगितलं नव्हतं ते मला सांगितलंत. त्यासाठी मनापासून थँक यू आजी.

आणि हो, वॉकरच्या खालची रबरी बुचं परत बघायला हवीत, मागच्या वेळी डावीकडचं एका बाजूने झिजलेलं दिसलं होतं, झिजलं की फरशीवर सरकतं. नवीन चार घेऊन रविवारी येते. वही आणणार नाही.

तुमची,
वहीवाली सिस्टर